रोमला समुद्र कुठाय हो?

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, कुंपणापाशी. ती जास्वंदाची फांदी सरकवा, डोळ्यात जाईल. तर, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या वहिनी क्रूझहून परत आल्या. नाव घेत नाही हं मी कुणाचं, उगाच आपल्यावर यायचं. पण तुम्ही ओळखलंतच. त्याच, भिशीला गुलबक्षी पैठणी नेसून येतात त्या.

आता आल्यापासून गप्प का आहेत, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. मी सांगते.

जानेवारीतल्या भिशीत काय थाट होता ते आठवतंय ना? साबुदाण्याची खिचडी हातात, आणि म्हणाल्या, "आम्ही बाई रोमहून बसणार. मुंबईहून काय, कुणीही बसतं." हे कुणाला ऐकवलं? गुलमोहराखालच्या काकूंना. त्या मुंबईहूनच जाणार होत्या ना! काकू गरीब स्वभावाच्या. त्यांनी खिचडीतला एक दाणा चावला, आणि अगदी साधेपणाने विचारलं, "पण काय हो, रोमला समुद्र कुठाय?"

अहो, खोली चिडीचूप! वहिनींनी यजमानांकडे पाहिलं, यजमानांनी पंख्याकडे. मग हळूच म्हणाले, "नदी आहे. टायबर." नदीत काय वीस मजली बोट घालणार? तेवढ्यात माझ्या सुनेने मोबाइल काढला. जहाज लागतं चिव्हिताव्हेक्किया नावाच्या गावाला. रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटर! चेहरा असा उतरला म्हणता वहिनींचा...

मी म्हटलं, त्यात त्यांची चूक नाही. सगळीकडे तसंच लिहितात. लंडन म्हणून विकतात आणि बसायचं साउदॅम्प्टनला. फ्लोरेन्स म्हणतात ते लिव्होर्नो, पॅरिस म्हणतात ते ल हाव्र, अथेन्स म्हणतात ते पिरियस. आणि व्हेनिसचं तर विचारूच नका. 2021च्या ऑगस्टपासून मोठ्या बोटींना तिथल्या त्या फोटोतल्या कालव्यातून जायला बंदीच आहे. मग व्हेनिस म्हणून तिकीट घ्यायचं आणि कुठे मार्गेराला, नाहीतर पार रावेन्ना नाहीतर त्रिएस्तेला जाऊन बसायचं. म्हणून तिकीट काढताना शहर विचारूच नये. धक्का कुठला, ते विचारावं. आणि धक्क्यावरसुद्धा टर्मिनल कुठलं!

माझ्या नणंदेचा मुलगा, तो आयटीतला, हुशार हो! सिंगापूरला गेला होता. त्याला वाटलं, मागे आईला घेऊन फेरीबोटीने बाटम बेटावर गेलो होतो ना, तिथूनच असणार. गेला हार्बरफ्रंटला. आणि बोट उभी मरिना बे क्रूझ सेंटरला! सिंगापूरला दोन आहेत ना टर्मिनल. नशीब दुपारचे बाराच वाजले होते. टॅक्सीने धावत गेला म्हणून निभावलं. आता सगळ्यांना सांगत सुटलाय, की मेट्रोच्या लाल लाइनवर अगदी शेवटच्या स्टेशनला उतरायचं, मरिना साउथ पियर. आईला मात्र त्याने अजून सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हीही बोलू नका. तिकडे न्यूयॉर्कला तर तीन-तीन म्हणे, मॅनहॅटन, ब्रुकलिन आणि नदीपलीकडे न्यू जर्सीत बेयॉन. तिथल्याच एडिसनच्या आपल्या लोकांना बेयॉनच सोयीचं, पण तिकिटावर न्यूयॉर्क वाचून निघतात बिचारे मॅनहॅटनला.

तर काय सांगत होते... हां, वहिनी.

काकूंचं बोलणं लागलं बरं का त्यांना. म्हणून एक केलं, आदल्या दिवशी रोमला पोचल्या. तेवढं मात्र शहाणपणाचं. विमान ज्या दिवशी उतरतं त्याच दिवशी बोट धरायची म्हणजे जुगारच. विमान लेट झालं तर बोट काही थांबत नाही. पुढच्या बंदरावर आपल्या खर्चाने गाठा म्हणतात, आणि तेही व्हिसाने परवानगी दिली तर. पण वहिनी राहिल्या कुठे? रोममध्ये, स्टेशनजवळ. सकाळी उठून ट्रेनने गेल्या असत्या, तर पाच-सहा युरोंत, फार तर सव्वा तासात गावाला पोचल्या असत्या. तिथून बंदराच्या बसचा स्टॉप आहे, लार्गो देल्ला पाचे म्हणून, तिथून बोटीच्या टर्मिनलला. पण वहिनी ट्रेनने? चार बॅगा घेऊन? टॅक्सी केली. शंभरावर युरो दिले, आणि रांगेत पुढे उभ्या असलेल्या गुजराती जोडप्याला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ते म्हणाले, "हम तो लोकलसे आए." यजमानांनी म्हणे तिथेच रांगेत बॅगेवर बसून हिशेब केला, मोबाइलवर. आपल्या रुपयांत. तेव्हापासून घरात बोलणं बंद आहे, असं मला त्यांच्या कामवालीने... जाऊ दे.

आता गुलमोहराखालच्या काकूंचं ऐका. पहिली क्रूझ, मुंबईहून, गोव्याला जाऊन परत. बॅलार्ड पियरहून. तिथे आता ते नवं टर्मिनल झालंय ना, 2025 सालचं, अगदी एअरपोर्टसारखं. माझे सासरे सांगायचे, तो विलायतेला जायचा धक्का. 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल धक्क्यावरच्या मोल स्टेशनातून सुटायची, विलायतेचं टपाल घेऊन थेट पेशावरला. बोटीतून उतरायचं आणि समोर आगगाडी! आता आपण सीएसएमटीला उतरून टॅक्सी शोधतो, आणि काळी-पिवळीवाला जवळचं भाडं म्हणून तोंड फिरवतो. काकूंनी सांगितलं, आधीच गाडी बुक केली होती, म्हणून त्रास नाही झाला.

त्रास झाला तो आमच्या ह्यांच्या मित्राला. ते रिटायर्ड बँकवाले, सोनेरी चष्म्याचे. मुंबई बंदराच्या दरवाज्यांना रंगांची नावं आहेत, माहितीये ना तुम्हाला? ग्रीन गेट, ऑरेंज गेट, यलो गेट, पर्पल गेट, हळदीकुंकवाच्या साड्यांसारखी. बॅलार्ड पियरच्या बोटीला जायचं ते ग्रीन गेटने. तिकिटावर लिहिलेलं असतं. पण हे गृहस्थ ड्रायव्हरला म्हणाले, "फ्रीवे उतरला की ऑरेंज गेट, तिथेच." फ्रीवे उतरतो खरा ऑरेंज गेटजवळ, पी. डि'मेलो रोडला. पण बोट तिथे कुठली! समोर ट्रकांची रांग, आणि गेटवरचा पहारेकरी विचारतोय, कंटेनर कुठाय? बायको गाडीतून म्हणाली, "यांनाच घ्या ठेवून." अहो, खरंच म्हणाली! मी फोनवर स्वतः ऐकलं. आणि दुसरे एक आजोबा तर थेट भाऊच्या धक्क्याला गेले होते, कारण लहानपणी कोकणबोट तिथूनच पकडायचे. आता तिथून मांडव्याची रो-रो सुटते. आजोबांना रो-रोच्या तिकिटाच्या खिडकीशी उभं करून मुलाने फोनवर फोन केले.

डोंबिवली-कल्याणकडून निघालात तर सेंट्रलनेच जा, रविवारचा मेगाब्लॉक तेवढा बघून घ्या. नवी मुंबईकडून अटल सेतू आणि फ्रीवे. पुण्याहून येणार असतील कुणी, तर आदल्या रात्री फोर्टमध्ये एखादी खोली घेऊन राहा म्हणावं, घाटात गाडी अडकली की संपलं. आणि बोट पाचला सुटते म्हणजे पाचला पोचायचं नाही हं. चेक-इन कितीतरी आधी बंद होतं, तासभर, कधी दीड तास आधी. प्रत्येकाला वेळ दिलेली असते, त्या वेळेत जावं. काकू दिलेल्या वेळेला बरोबर पोचल्या आणि रांगच नव्हती. ज्यांना वाटतं ना, लवकर जाऊन जागा धरू, तेच ताटकळत उभे. जागा काय धरणार? ते काय लग्नाचं जेवण आहे?

आणि सामानाचं बघा. पहिल्या घरातले आजोबा, बीपीवाले, काकूंच्याच बोटीवर होते. धक्क्यावर पोर्टरने बॅगा घेतल्या, खोलीच्या नंबरचं लेबल लावलं, आजोबा खूश, वा, काय सोय! पण ती बॅग खोलीच्या दाराशी येते संध्याकाळी, कधी रात्रीच्या जेवणाच्या वेळी. आणि आजोबांच्या दुपारच्या गोळ्या बॅगेत. आजी त्या लांबलचक बोळात, साडीचा पदर खोचून, एकेका दाराशी ठेवलेल्या बॅगा वाकून बघतायत, कुणाची लाल, कुणाची निळी. एका परक्या माणसाने दार उघडलं, त्याला वाटलं चोर! आजी म्हणाल्या, "गोळ्या हो, गोळ्या!" तो आणखीच घाबरला. सांगताना काकूंना हसू आवरत नव्हतं, आणि आजी समोरच बसलेल्या.

तेव्हा गोळ्या, चष्मा, कागदपत्रं, एक बदलायचा ड्रेस, पोहायचे कपडे, सगळं हातातल्या पिशवीत. मुंबई-गोवा असेल तर आधार चालतं, परदेशी बंदर असेल तर पासपोर्ट लागतो. सिंगापूरहून जाऊन पुन्हा सिंगापूरलाच उतरायचं असेल तर देशात दोनदा शिरलात, हे व्हिसा काढतानाच बघायचं. युरोपचंही तसंच, मध्ये तुर्कस्तान आलं की बाहेर पडलात.

आणखी एक. गोव्याला जाणारी बोट लागते मुरगावला, म्हणजे वास्कोला. पणजी नाही. आपल्या कॉलनीतली ती नवी जोडी, मागच्या डिसेंबरात लग्न झालेली, एकमार्गी तिकीट काढून गेली आणि परतीचं विमान घेतलं मोपाहून. अहो, वास्कोहून दाबोळी हाकेच्या अंतरावर, आणि मोपा कुठे, पार पेडण्याला, दीड तासाचा रस्ता! नवरी म्हणे टॅक्सीत रडली. पहिलं भांडण तिथेच झालं, झुआरी पुलावर.

आणि उतरतानाची घाई? आदल्या रात्री बॅगा बाहेर ठेवायच्या, मग रंगाच्या पट्टीप्रमाणे बोलावतात. ज्यांना लवकर निघायचं ते आपली बॅग आपणच उचलून आधी उतरू शकतात. पण त्याच सकाळचं विमान काढू नये कुणी, दुपारनंतरचं बघावं.

पावसाळ्यात मात्र मुंबईहून काही नाही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात कोण जायचं पूर्वी? आताही तसंच. 2022च्या जूनमध्ये तर बोट चेन्नईला जाऊन तिथून सुटायला लागली, तिकडे त्या महिन्यांत समुद्र जरा बरा असतो. तेव्हा आत्ता ऑक्टोबरनंतरचं बघा.

माझं विचाराल तर पहिली बोट आपल्या मुंबईहूनच. विमान चुकायची भीती नाही, भाषा आपली, आणि समुद्र लागतो का, ते दोन रात्रींतच कळतं. एकदा ते कळलं की मग जा रोमला, नाहीतर आणखी कुठे. काकूंना नाही लागला. त्यांच्या यजमानांना लागला, ते पहिल्या संध्याकाळी डेकवर सुरक्षेची कवायत सुरू झाली तेव्हाच. सात छोटे भोंगे आणि एक लांब, आणि सातव्याला काकांनी तोंडावर रुमाल धरला. पण कवायत चुकवू देत नाहीत हं, सगळ्यांना करावीच लागते.

तुम्ही नोव्हेंबरचं म्हणत होतात ना? काढा मग. एक मात्र आधीच सांगते, चहाची इलेक्ट्रिक केटल नेऊ नका. इस्त्रीही नको. स्कॅनरमध्ये दिसली की काढून घेतात आणि चिठ्ठी देतात, उतरताना परत मिळते. आपल्या जिन्याशेजारच्या मावशींची गेली, आणि त्यांच्या चहाविना काय अवस्था झाली ते तुम्ही त्यांनाच विचारा. तुमची केटल माझ्याकडे ठेवून जा, आमची परवाच जळली.