ऑफिसातले बिनझग्याचे फादर

मुंबईतल्या बहुतेक कचेऱ्यांत एखादा वसईकर ख्रिस्ती सापडतोच, आणि सहकाऱ्यांनी त्याचा ‘फादर’ करून टाकलेला असतो. घरी बायको, दोन मुलं, कर्जाचे हप्ते. विरार लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलकी काढण्यात वाकबगार. पण नाव फादर.

हा फादर आपणहून धर्माचा विषय काढत नाही. लोकच काढतात आणि मग पस्तावतात. कुणी नवखा सहज म्हणतो, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” झालं. गाडी सुटते ती फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणापासून. मध्ये रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ही मोठी स्टेशनं. २०२०च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर दिब्रिटो येईपर्यंत चहावर साय धरलेली असते.

राखेच्या बुधवारी सकाळची मिस्सा आटोपून तो कपाळावर राखेचा क्रूस घेऊनच कामावर येतो. शेजारच्या टेबलावरचे काका मुकाट्यानं रुमाल पुढे करतात. “पुसू नका, मुद्दाम लावलीय,” म्हटल्यावर काकांचा चेहरा उजळतो. “म्हणजे तुमच्यातही भस्म?” मग गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या फांद्या जाळून ही राख करतात, इथून पुढचे चाळीस दिवस उपवासकाळ, हे सगळं निघतं. काकांना त्यातला ‘उपवास’ तेवढा नीट कळतो. दुसऱ्या दिवशी डब्यात साबुदाण्याची खिचडी हजर, वर शेंगदाण्याचं कूट सढळ. त्यागाच्या काळात फादरचं वजन वाढतं ते असं.

युनियनवाले मधूनच चिमटा काढतात, “काय फादर, बाटवायला निघालात का?” त्यावर त्याला घटनेचं पंचविसावं कलम पाठ. धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७चा निकाल आहे, हेही तोच सांगतो. विचारणाऱ्याला एवढं नको असतं.

एक पथ्य मात्र तो कडक पाळतो, आणि इथे त्याची थट्टा करवत नाही. हाताखालच्या माणसाशी देवाविषयी चकार शब्द काढायचा नाही. ज्याची रजा आपण मंजूर करतो, तो आपल्या येशूपुढे मान डोलावणारच. ती मान श्रद्धेनं डोलली की रजेसाठी, हे ओळखायचं कसं? कुणाची आई दवाखान्यात असली, तर आधी विचारतो, “प्रार्थना केली तर चालेल?” हो म्हटलं तरी टेबलाशेजारी डोळे मिटून उभा राहत नाही, घरी जाऊन करतो. नाताळात राजेळीची सुकेळी वाटतो, तीही पत्रकाविना.

त्याचं काही चालत नाही ते हिशेब विभागातल्या बाईंपुढे. त्या माहीमच्या बुधवारच्या नोव्हेनाला वर्षानुवर्षं जातात, सप्टेंबरात माउंट मेरीची जत्रा चुकवत नाहीत. मेणाचं घर वाहिलं आणि डोंबिवलीत वन बीएचके मिळाला, असा त्यांचा रोकडा अनुभव. देवाशी असा व्यवहार नसतो, हे फादर एकदा हळुवारपणे समजावायला गेला. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “तुमचं प्रमोशन अडलंय ना? या बुधवारी मी बघते.”