एवढ्यात नवी येती का?

आप्पांच्या गाडीचा निकाल दिवाळीत लागणार आहे. कुठल्या दिवाळीत, ते विचारायचं नसतं. दरवर्षी वसुबारस आली की आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून कोल्हापुरातल्या सगळ्या शोरूम पालथ्या घालतात, फुकटचा चहा पितात, माहितीपत्रकं गोळा करतात आणि पाडव्याला सकाळी जुन्याच गाडीला झेंडूची माळ घालून आम्हाला फराळाला बोलावतात. "आता गुढीपाडव्याला बघू," असं म्हणत चकलीची ताटली पुढे सरकवतात.

गाडी म्हणजे झेन. २००४ सालची, एमएच ०९, रंग मूळचा सिल्व्हर. आता बॉनेट एका सालचं, मागचं दार दुसऱ्या सालचं, त्यामुळे उन्हात तिच्या अंगावर चार छटा दिसतात. आप्पांनी ती २०१० साली राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांकडून घेतली आणि अजूनही ते तिला "डॉक्टरांची गाडी" म्हणतात. डॉक्टरांनी ती सहा वर्षं वापरली, आप्पांनी त्याच्या अडीचपट. पण मान डॉक्टरांचाच. "डॉक्टरांच्या हातची आहे, टायमाला ऑइल बदललेलं," असं ते अशा खात्रीने सांगतात, की अजून तेच ऑइल आत असावं अशी शंका येते.

झेन मारुतीने १९९३ साली आणली आणि तिचं हे रूप २००६ साली बंद केलं. दुसऱ्या कुणाला यात सुट्या भागांची अडचण दिसेल. आप्पांना अभिमान दिसतो. "असला पत्रा आता काढतच न्हाईत," असं म्हणून ते बोटाच्या पेराने बॉनेट वाजवून दाखवतात. उजव्या बाजूचं बॉनेट. डाव्या मडगार्डाजवळ मात्र ते बोट नेत नाहीत, कारण तिथला पत्रा रंगाच्या भरवशावर उभा आहे. यात कंपनीचा दोष काही नाही. वीस पावसाळे उघड्यावर काढले की लोखंडही कंटाळतं.

आप्पांचा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे आणि त्यात फट सापडत नाही. गाडी बिघडलेली असते तेव्हा ती विकता येत नाही, कारण बिघडलेल्या गाडीला भाव कोण देणार? म्हणून आधी दुरुस्त करायची. दुरुस्त झाली की इतकी गोड चालते, की विकायची कशाला? शिवाय आत्ताच पैसे घातलेत, ते तरी वसूल होऊ देत. ते वसूल होत आले की गाडी बिघडते.

या सगळ्याचा हिशेब लाल कापडी पुठ्ठ्याच्या एका वहीत आहे. पहिल्या पानावर श्री, खाली क्लचप्लेट, बॅटरी, लोअर आर्मचे बुश, सायलेन्सरला वेल्डिंग, दोन टायर, पुन्हा दोन टायर. तारीख आहे, किलोमीटर आहेत, रक्कम आहे. फक्त पानाच्या तळाशी बेरीज नाही. आणि हा माणूस उभी नोकरी सहकारी बँकेत कॅशवर बसलेला! एक रुपया जुळला नाही म्हणून रात्री नऊपर्यंत शाखा उघडी ठेवणारा. एकदा मी पेन्सिल घेऊन बेरजेला सुरुवात केली, तर त्यांनी अलगद वही काढून घेतली. म्हणाले, "असू दे की. बेरीज काय पळून जातीया?"

मागच्या साली हेड गॅस्केट गेलं. मेस्त्रीने ३८,००० सांगितले. त्या आठवड्यात गाडीला आलेली सगळ्यात चांगली मागणी ४०,०००ची होती. मी म्हटलं, "आप्पा, चाळीसच्या गाडीवर अडतीस घालणार?" आप्पांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारलं, "मग अडतीसात नवी येती का?"

याला उत्तर नाही. आप्पा दुरुस्तीचा खर्च त्या गाडीच्या किमतीशी ताडून पाहतच नाहीत, नव्या गाडीच्या किमतीशी पाहतात. आणि त्या मापाने कुठलीही दुरुस्ती स्वस्तच निघते. पाचशेचा वायपर असो नाहीतर अख्खं इंजिन, प्रश्न तोच. एवढ्यात नवी येती का?

बरं, ते अगदीच चुकतात असंही नाही. विम्याच्या तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात, म्हणजे नवी गाडी घेणारा पहिल्या पाच वर्षांत लाखांनी झिजतो. आप्पांच्या गाडीचं जे झडायचं ते बरंचसं डॉक्टरांच्या खात्यावर झडून गेलं. विमा नुसता थर्ड पार्टी. फिरणं वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर. मंडई, ज्योतिबा, पौर्णिमेला नृसिंहवाडी आणि लग्नसराई. एवढ्यासाठी सात-आठ लाखांचा हप्ता बांधून घेण्यापेक्षा वर्षाकाठी पंचवीस हजार मेस्त्रीला देणं परवडतं, हे मीही कागदावर मांडून पाहिलं आहे. फरक एवढाच, की मांडल्यावर पटलं म्हणून आप्पा गाडी ठेवत नाहीत. ते आधी ठेवतात आणि मग मांडतात.

मेस्त्री उद्यमनगरातला. त्याची वाक्यं ठरलेली. आवाज ऐकवला की "आवाज हाय, पण काळजीचा न्हाई." काळजीचा निघाला की "खोलून बघाय लागतंय." आणि एकदा खोललं, की ज्या वाक्याने आप्पांच्या अर्ध्या पेन्शनची विल्हेवाट लावली ते वाक्य: "एवढं खोललंयच तर..." गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर क्लचप्लेट. हेड काढलंच आहे तर व्हॉल्व्ह सील, टायमिंग बेल्ट आणि त्याला लागून वॉटर पंप. आप्पा प्रत्येक वेळी एक मिनिट विचार केल्यासारखं करतात आणि हो म्हणतात. सकाळी गाडी सोडायला गेलेले आप्पा संध्याकाळपर्यंत गॅरेजातच असतात. टायरवर फळी टाकून केलेली त्यांची एक बैठक आहे. तिथे चहा येतो, लेथवाला येऊन बसतो आणि मेस्त्री मधूनच ग्रीस लागलेला एखादा बोल्ट पुढे धरून विचारतो, "साहेब, काय वाटतंय?" बँकेतून निवृत्त झाल्यापासून आप्पांना 'साहेब' म्हणून मत विचारणारं कोल्हापुरात हे एवढंच ठिकाण उरलंय. नव्या गाडीच्या सर्व्हिस सेंटरला तुम्हाला काचेच्या अलीकडे सोफ्यावर बसवतात आणि बोल्ट दाखवत नाहीत.

या गाडीत बसायचे नियम आहेत. डावं मागचं दार फक्त बाहेरून उघडतं, त्यामुळे आप्पा उतरून धावत येऊन दार उघडतात आणि नवख्या पाहुण्यांना वाटतं, काय अदब आहे! काच वर करताना तळहाताने आधार द्यायचा. चावी अर्धी फिरवून पंपाचा बारीक आवाज थांबेपर्यंत गप्प बसायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडीत बसून गाडी विकायचा विषय काढायचा नाही. एकदा काकूंनी शिरोली नाक्यावर तो काढला आणि कागलला पोचायच्या आत फॅनबेल्ट तुटला. तेव्हापासून काकू फक्त "ते तुमचं दिवाळीचं" एवढंच म्हणतात.

गणपतीपुळ्याहून परत येताना मी त्यांच्याबरोबर होतो. मे महिना, आंब्याचा घाट, आत पाच माणसं आणि डब्यांची पिशवी. चढावर काटा तापला. आप्पांनी शांतपणे एसी बंद केला, सगळ्या काचा खाली घेतल्या आणि हीटर फुल्ल सोडला. इंजिनाची उष्णता आत ओढून घेतली की इंजिन निवतं, ही युक्ती खरी आहे. मेमधल्या कोकणात ती पायाशी कशी लागते, हे ज्याचं त्याला माहीत. काकूंनी पदर तोंडावर घेतला, मागचं लेकरू रडायला लागलं, माझ्या चपला मऊ पडल्या. आणि आप्पा मात्र काट्याकडे बोट दाखवून आनंदाने ओरडत होते, "उतरला! बघा, उतरला!"

सरकारनेही आप्पांच्या निर्णयाला मदतच केली आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी पासिंग. पहिलं २०१९ साली झालं तेव्हा नूतनीकरणाची फी ६०० रुपये होती. १ एप्रिल २०२२पासून ती ५,००० झाली. २०२४ साली आप्पांनी ५,००० भरले, वर पर्यावरण कर भरला आणि म्हणाले, "आता २०२९पर्यंत काढायची म्हणजे शुद्ध नुकसान." पुढच्या साली वीस वर्षांवरच्या मोटारींना ती फी १०,००० झाली, तेव्हा तर त्यांना लॉटरी लागल्यासारखं झालं. मग नव्या नंबरप्लेटांचं आलं. चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. मुदतवाढ मिळत गेली तशी त्यांनीही वाट पाहिली, शेवटी बसवली आणि कारणांच्या यादीत आणखी एक भर पडली: "नवी पाटी लावलीय, लगेच कशी विकायची?"

इथेनॉलचं दुखणं मात्र त्यांना आतून लागलं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं आणि मेस्त्रीने इंधनाचे जुने रबरी पाईप मऊ पडलेले दाखवले. आप्पांचा दीड एकर ऊस आहे, कारखान्याचे ते सभासद, आणि इथेनॉलमुळे ऊसबिल वेळेवर निघेल म्हणून वार्षिक सभेत टाळ्या वाजवलेले. पाईप हातात घेऊन बराच वेळ बसले. "म्हणजे माझाच ऊस माझ्या गाडीचं पाईप खातोय," म्हणाले. त्या हंगामाचं ऊसबिल आलं त्यातून त्यांनी नवे पाईप घातले. हिशेब वहीत आहे.

२२ सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी अठ्ठावीसावरून अठरावर आला तेव्हा आम्हाला वाटलं, आता आप्पांना सुटका नाही. शोरूमवाल्याने स्वतः फोन केला. आप्पा गेले, नव्या गाडीत बसले, चावी घालायचं भोक शोधलं, ते नव्हतं. स्टेपनी विचारली, तर पंक्चर काढायची डबी दाखवली. बॉनेट वाजवलं आणि चेहरा पाडला. परत आल्यावर म्हणाले, "उतराय लागल्यात किमती. अजून उतरतील. थांबावं."

सरकारमान्य स्क्रॅप केंद्राकडेही त्यांनी चौकशी केली होती. गाडी मोडीत दिल्याचा दाखला मिळतो आणि नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सवलत मिळते, इथपर्यंत त्यांनी नीट ऐकून घेतलं. पण समोरच्या पोराने किलोचा भाव सांगितला आणि आप्पांनी फोन ठेवला. "किलोवर? डॉक्टरांची गाडी?"

विकायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. एक पोरगा आला होता, गाडी शिकायला हवी म्हणून. आप्पांनी त्याला बसवून वही वाचून दाखवली. खोटं बोलून विकायची नाही, हे त्यांचं तत्त्व. एवढं ऐकूनही पोरगा घेतो म्हणाला, तेव्हा ते गडबडले. ठेवणार कुठं? वर पत्रा आहे का? घरात आणखी कोण चालवणार? दुसरा गिअर टाकताना अर्धा सेकंद थांबायला जमेल का? पोरगा बिचारा हेल्मेट उचलून निघून गेला. आप्पा त्या संध्याकाळी कमालीचे खुशीत होते.

त्यांना खरं कोंडीत पकडलं ते त्यांच्या पुण्याच्या मुलाने. तो हप्ते, मायलेज काही बोलला नाही. म्हणाला, "आप्पा, या गाडीत एअरबॅग नाही. मी पोरीला हिच्यात बसवणार नाही." या एका मुद्द्यावर मी मुलाच्या बाजूचा आहे, आणि आप्पाही मनातून असावेत, कारण ते जेवण होईपर्यंत गप्प होते. दुसऱ्या दिवशी उद्यमनगर गाठून त्यांनी मेस्त्रीला विचारलं, झेनला बाहेरून एअरबॅग बसवता येती का? मेस्त्री गंभीरपणे म्हणाला, "खोलून बघाय लागंल."

ते मात्र आप्पांनाही पटलं नाही. त्यांनी मनावर घेतलं आणि वापरलेली, पण एअरबॅगवाली गाडी शोधायला लागले. २०१९च्या महापुरापासून आमच्याकडे जुनी गाडी घेताना नाक लागतं. आप्पा दार उघडून आधी वास घेत, मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पट्ट्यावर चिखलाची रेघ दिसते का बघत, मग गुडघ्यावर बसून सीटखालच्या पट्ट्यांचा गंज. प्रत्येक गाडीत काहीतरी निघे. काकूंनी आशा सोडली नव्हती. एका रविवारी आप्पा सांगलीकडे एक गाडी बघायला म्हणून गेले आणि संध्याकाळी टेम्पोच्या मागे दोरी बांधून एक गाडी घेऊन आले.

झेन. २००३ सालची, पांढरी.

"पार्टसाठी," आप्पा घाईघाईने म्हणाले. "कुठं मिळत्यात आता पार्ट? आणि बदला बदला म्हणत होतास नव्हं? बघ, बावीस हजारात आली." मेस्त्रीने येऊन बॉनेट उघडलं, बॅटरी लावली, सेल्फ मारला. पांढरी पहिल्या फटक्यात चालू झाली. मेस्त्रीने कान लावून ऐकलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, हिचं इंजिन आपल्यापेक्षा सरस हाय. मोडू नका. एवढी आणलीयाच तर..."

आता पांढरीचं इंजिन डॉक्टरांच्या गाडीत घालायचं, की डॉक्टरांच्या गाडीची चांगली दारं पांढरीला लावायची, यावर गॅरेजात रोज बैठक भरते. आप्पांनी पांढरीसाठी वेगळी वही आणली आहे. काकूंनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "हिची तरी बेरीज करणार काय?"

"आधी पानं भरू देत की," आप्पा म्हणाले.