गृहीतक सिद्ध झाले, असे समजावे

व्यवसाय संशोधनाची पहिली पायरी म्हणजे समस्येची निश्चिती, असं सगळी पाठ्यपुस्तकं सांगतात. वऱ्हाडात ही पायरी शेवटी चढावी. आधी शीर्षक ठरवावं. त्यात मध्ये कुठेतरी 'विशेष संदर्भ' आणि शेवटी 'एक चिकित्सक अभ्यास' असलं की मंजुरीला अडचण येत नाही. 'अमरावती जिल्ह्यातील ग्राहकांचे समाधान' गेल्या वर्षी कुणी मोजून ठेवलं असेल, तर यंदा अकोल्याचं मोजावं. अमरावती विभागात पाच जिल्हे आहेत. एक विषय पाच जणांना सुखाने पुरतो.

ज्यांना समस्या आधी लागतेच, अशा हट्टी मंडळींनी लँकेशायरचा कित्ता गिरवावा. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि गिरण्या बंद पडू लागल्या. गिरणीवाल्यांचा प्रश्न एका ओळीत मावणारा होता : वऱ्हाडचा कापूस जास्त, स्वच्छ आणि लवकर मुंबई बंदरात कसा पोचेल? त्या दशकात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्ताचं पद निघालं, हॅरी रिव्हेट-कार्नॅक नावाचा अधिकारी त्यावर बसला आणि त्याने बियाण्यापासून रेल्वेपर्यंत सगळ्याची नोंद अहवालांत घातली. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हजर. उमरावतीच्या, म्हणजे अमरावतीच्या, नावावरून 'ऊमरा' म्हणून ओळखला जाणारा कापूस लिव्हरपूलच्या बाजारभावात झळकला. आदर्श संशोधन म्हणतात ते हेच. फक्त कुणब्याच्या हातात काय उरतं, याचा रकाना त्या मूळ प्रश्नात नव्हता. पैसे देणाराच रकाने आखतो, ही पद्धत अजून बदललेली नाही. प्रायोजित प्रकल्प घेणाऱ्याने ती निमूट पाळावी.

आता आराखडा. त्याचे तीन प्रकार परीक्षेत विचारतात : अन्वेषणात्मक, वर्णनात्मक आणि कार्यकारणात्मक. उत्तरपत्रिकेत तिन्ही लिहावेत, प्रत्यक्षात मधलाच करावा.

अन्वेषणात्मक आराखडा टाळण्याचं कारण असं, की त्यासाठी पहाटे उठून बाजार समितीच्या यार्डात जावं लागतं. तिथे गाड्यांची रांग लागलेली असते. खरेदीदार गाडीत कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस बाहेर काढतो, कारण वरचा थर नेहमीच चांगला असतो. मूठ दाबून सोडतो आणि कापूस किती फुलतो ते बघतो. दोन्ही हातांच्या चिमटीत धरून धागा ओढतो. मग एक सरकी दाताखाली फोडतो. कडक वाजली तर माल वाळलेला. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर हेच काम ओलावा मोजायच्या यंत्राने होतं : ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे टक्क्यागणिक कपात, १२च्या वर गाडी परत. दात आणि यंत्र यांचे निकाल किती जुळतात, हा उत्तम विषय आहे. म्हणूनच तो कुणाला सुचवू नये.

याच मुलखात कारंजाला १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, देशातला पहिला म्हणून त्याचं नाव घेतात. १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस-धान्य बाजाराचा कायदाही आला. ही माहिती 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या प्रकरणात घालावी. ते प्रकरण कुणी वाचत नाही. उचललेल्या उताऱ्यांची चिंताही करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या सारखेपणाला शिक्षा नाही. मात्र ती सूट प्रत्येक प्रकरणाला वेगळी मिळते, असा समज करून घेऊ नये.

वर्णनात्मक आराखडा म्हणजे प्रश्नावली. 'पूर्णतः सहमत'पासून 'पूर्णतः असहमत'पर्यंत पाच चौकटी काढाव्यात. ही युक्ती रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली काढली, पण अकोल्याच्या कापड बाजारातला दुकानदार त्यांना भेटलेला नव्हता.

"काका, पाच मिनिटं देता काय? प्रोजेक्टचा फॉर्म भरायचा हाये."

"जीएसटीवाला तं नाही ना तू?"

"नाही जी, एमबीएले आहो."

"मंग तूच भर ना बाप्पा, मी सही करून देतो. शिक्काबी मारू काय?"

शिक्का अवश्य मारून घ्यावा. एका शिक्क्याने माहितीची विश्वासार्हता जेवढी वाढते, तेवढी कुठल्याही सांख्यिकी चाचणीने वाढत नाही. दिवाळीच्या तोंडावर मात्र फॉर्म घेऊन फिरू नये. दुकानदार गठ्ठे उचलायला लावतो.

नमुना किती घ्यावा? शंभर. टक्केवारी काढायला सोपं पडतं. कुणाचा घ्यावा? जो नाही म्हणणार नाही त्याचा. याला पुस्तकात 'सोयीचा नमुना' असं भारदस्त नाव आहे. मोठ्या नमुन्याच्या मोहात पडू नये. १९३६ साली अमेरिकेतल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने तब्बल एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीत रूझवेल्टविरुद्ध लँडन जिंकणार असा अंदाज छापला गेला. रूझवेल्ट ४८पैकी ४६ राज्यं घेऊन आले. पत्ते काढले होते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांवरून, आणि मंदीच्या त्या दिवसांत ज्याच्या दारात मोटार होती तो रूझवेल्टवर खूश नव्हता. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म टाकून 'वऱ्हाडातील ग्रामीण ग्राहक' मोजणाऱ्याने या प्रसंगाचा उल्लेख तोंडी परीक्षेत काढू नये.

मोजमापाची एक अस्सल देशी पद्धतही आहे. ती म्हणजे पैसेवारी. पीक रुपयात किती पैसे आलं हे ठरतं, आणि पन्नासच्या खाली आकडा गेला की टंचाईच्या सवलतींचं दार उघडतं. हंगामात आधी नजरअंदाज असतो, पुढे पीक कापणी प्रयोग होतात. प्रयोगात शेत आणि शेतातला तुकडा दोन्ही चिठ्ठीसारखे नशिबाने निवडायचे असतात, म्हणजे बांधावरून बरा दिसतो तोच तुकडा कुणी मोजू नये. एकोणपन्नास आणि एक्कावन्न पैशांमधल्या फरकावर गावच्या गाव जागं राहतं. प्रश्नावलीत अशी एकही चौकट नसते, जिच्यासाठी कुणाची झोप उडावी.

राहिला कार्यकारणात्मक आराखडा, म्हणजे प्रयोग. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि कोणाला द्यायचं ते दैवावर सोडायचं. हे शास्त्र रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेतात बसवलं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९६९पासून प्लॉट पाडून वाणांची तुलना होते ती याच तत्त्वावर. आपल्याकडे ते घरोघरी, निदान वसतिगृहाच्या खोलीखोलीत, पोचवलं पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांच्या १९५४च्या पुस्तकाने. कृषी पदवीधराच्या प्रबंधात संदर्भसूचीला ही जोडी असतेच. ते पुस्तक उघडलेलं असतंच असं नाही.

सर्वांत मोठा प्रयोग मात्र शासनाने केला. १९७२च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. राज्यातल्या शेतकऱ्याने कापूस सरकारी योजनेलाच द्यायचा, व्यापाऱ्याला नाही. आराखड्याच्या दृष्टीने यात एकच उणीव होती : तुलनेचा गट नव्हता, कारण योजना अख्ख्या राज्याला लागू. ती उणीव शेतकऱ्यांनी स्वखर्चाने भरून काढली. पलीकडे मध्य प्रदेशात भाव चढा असला की कापूस रात्रीतून सीमा ओलांडायचा, आणि इकडचा भाव बरा असला की पलीकडचा माल इकडे यायचा. दोन गट, एक बदलता घटक, निरीक्षण वर्षानुवर्षं. याहून नेटका प्रयोग कुणी आखला नसता. चेकनाक्यावर त्याला तस्करी म्हणत. योजना अखेर तोट्याच्या ओझ्याखाली वाकली, पण तिच्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांचं भलं झालं.

लहान प्रमाणावर प्रयोग करायचा असेल तर अमरावतीचा गिला वडा घ्यावा. दह्याची गोडी वाढवून अर्ध्या गिऱ्हाइकांना द्यावा, अर्ध्यांना जुनाच, आणि कोण प्लेट चाटून ठेवतो ते मोजावं. 'आवडला का' असं विचारू नये. कोका-कोलाने जवळजवळ दोन लाख लोकांना चव देऊन विचारलं, लोकांनी नवी चव पसंत केली आणि १९८५च्या एप्रिलमध्ये जुनी बाटली बंद झाली. ७९ दिवसांत ती परत आणावी लागली. घोटभर गोड लागणं वेगळं आणि आपली नेहमीची बाटली हिरावली जाणं वेगळं, हे प्रश्नावलीत कुणी घातलंच नव्हतं. वड्याच्या गाडीवाल्याला हे सांगितलं तर तो म्हणेल, "काहून इचारता जी लोकायले? उद्या येते का नाही ते पाहा ना."

विश्लेषणात पाय-चार्ट रंगीत असावेत. काय-वर्ग चाचणी एखादी तरी असावी. गृहीतक सिद्ध होईल अशाच बेताने मांडावं, उदाहरणार्थ 'ग्राहक किमतीचा विचार करतात'. कुणी अडाण्यासारखं 'आणि उलट निघालं तर?' असं विचारलं, तर नमुना मर्यादित होता म्हणावं; मर्यादांचं प्रकरण त्यासाठीच असतं.

शेवटी शिफारशी. शासनाला द्याव्यात, बाजार समितीला द्याव्यात, बँकांना द्याव्यात, शेतकऱ्याने आधुनिक दृष्टिकोन स्वीकारावा असंही लिहावं. व्यापाऱ्याला मात्र काही सुचवू नये. पुढच्या वर्षी धाकटा भाऊ त्याच्याकडेच फॉर्म घेऊन जाणार आहे, आणि शिक्का त्याच्या गल्ल्यात असतो.