बिरुयाकर

प्रत्येक मंडळीत एक बिरुयाकर असतो. खरं आडनाव साधंच असतं, हे मंडळीनं लावलेलं. थेस्सलनीकात दंगल झाल्यावर पौल आणि सीला रातोरात बिरुयाला गेले. तिथले लोक पौलाचं बोलणं मन लावून ऐकत आणि मग रोज शास्त्र उघडून बघत, हा म्हणतो ते तसं आहे का. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात त्याबद्दल त्यांची तारीफ आहे. ती तारीफ आमच्या बिरुयाकरांनी नगरात बसून स्वतःच्या नावावर चढवून घेतली.

नगरात असा माणूस निपजणं साहजिकच. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन इथे आलं, १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघालं. तेव्हापासून शास्त्र वाचणाऱ्यांचा आणि वाचून भांडणाऱ्यांचा इथे कधी दुष्काळ पडला नाही. त्यात बिरुयाकरांची उभी हयात एसटीच्या तिकीट तपासणी पथकात गेलेली. आडरस्त्यावर गाडी थांबवायची, वर चढायचं आणि झोपेचं सोंग घेतलेल्याला आधी उठवायचं. निवृत्तीच्या दिवशी बिल्ला जमा करता येतो, ही सवय करता येत नाही. "प्रभू मला म्हणाला," असं कोणी म्हणायचा अवकाश, बिरुयाकरांचा हात पुढे येतो: "कुठे म्हणाला? अध्याय, वचन?"

चर्चमध्ये त्यांची जागा दाराजवळच्या शेवटून दुसऱ्या बाकावर. रेक्झिनचं कव्हर घातलेलं शास्त्र, त्यावर रबरबँड, रबरबँडात पेन्सिल, आणि शेजारी हिशेबाची लांब वही. वहीत पाच रकाने: तारीख, सांगणारा, काय सांगितलं, मुदत, निकाल. पाळकसाहेब एकदा व्यासपीठावरून सहज म्हणाले, "येत्या रविवारी भरपूर हजेरी असेल." पुढच्या रविवारी पाऊस लागला. सोमवारी पाळकसाहेबांना कळलं की आपण वहीत आहोत.

३१ डिसेंबरच्या रात्री उपासना झाली की नव्या वर्षाच्या वचनाचं कार्ड प्रत्येकानं उचलायचं असतं. निम्म्या मंडळीला यिर्मया एकोणतीस-अकरा हवं असतं. देवाच्या मनात तुमच्या हिताचेच बेत आहेत, पुढे आशा आहे, असा त्याचा भाव. एका वर्षी नुकतंच लग्न झालेल्या जोडप्याला ते निघालं. दोघं कार्डासकट फोटो काढत होती, तर मागून आवाज आला, "अभिनंदन. आता दहावं वाचा." दहाव्यात त्याआधी बाबेलात सत्तर वर्षं काढायची आहेत. "आणि आठवं-नववंही बघून ठेवा. तुमच्यातले संदेष्टे फसवतील, त्यांचं ऐकू नका, असं आहे. अहो, हे बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. त्यातली एक गोड ओळ कापून कपाटावर काय चिकटवता?" त्या जोडप्याचं नवं वर्ष बारा वाजून चार मिनिटांनी जुनं झालं.

पण बिरुयाकरांचा खरा हंगाम म्हणजे आशीर्वाद सभा. मागे बायपासजवळच्या मंगल कार्यालयात अशा तीन दिवसांच्या सभा भरल्या. फ्लेक्सवर पाहुण्यांच्या नावाआधी 'प्रॉफेट' आणि खाली क्यूआर कोड. पाहुण्यांनी डोळे मिटले, कीबोर्डवाल्यानं मंद सूर धरला. "इथे कोणीतरी आहे... स अक्षर दिसतंय... गुडघ्याचं दुखणं..." भरलेल्या मंगल कार्यालयात स नावाचा एकही दुखरा गुडघा नसता, तर तोच चमत्कार म्हणावा लागला असता. एक सुमनबाई, एक सॅम्युएल, एक सुलोचनाबाई आणि एक संतोष, असे चौघं हालेलूया म्हणत उठले. बिरुयाकरांनी नोंद केली: 'चार उठले. शमुवेलाला देवानं पूर्ण नावानं हाक मारली होती, आणि एकदा नव्हे.'

दुसऱ्या दिवशी एका पोराला सांगण्यात आलं की तीन महिन्यांत कॅनडाचा व्हिसा. पोराच्या आईनं विश्वासाचं बीज म्हणून तिथल्या तिथे पैसे पाठवले. वहीत मुदत पडली. तीन महिने गेले, व्हिसा नाकारल्याचं पत्र आलं. बिरुयाकरांनी पाहुण्यांच्या मदतनिसाला फोन लावला. तो शिकलेला होता. म्हणाला, "निनवेचंही भविष्य टळलंच होतं की, काका."

हा प्रश्न बिरुयाकरांना कधीतरी कोणीतरी विचारावा म्हणून ते वर्षानुवर्षं तयारी करून बसले होते. "बरोबर. योनानं चाळीस दिवस दिले आणि निनवे उभंच राहिलं. यिर्मयाच्या अठराव्यात त्याचं कारणही दिलंय. लोक वळले तर देव आपला बेत बदलतो. पण निनवेत राजापासून गुराढोरांपर्यंत सगळ्यांनी गोणपाट पांघरलं होतं. इथे कोणी पांघरलं? कॅनडाच्या वकिलातीनं?" फोन बंद झाला. त्याच भरात त्यांनी आम्हाला अनुवादाचा अठरावा अध्याय समजावला. देवाच्या नावानं सांगितलं आणि घडलं नाही, तर ते देवाचं नव्हे. त्या माणसाला भ्यायचं नाही. शिक्षा मात्र थेट देहदंडाची आहे. "ती राहू द्या," बिरुयाकर उदारपणे म्हणाले, "पोराच्या आईचे पैसे परत करा, एवढंच."

"आणि काका, व्हिसा मिळाला असता तर?" कोणीतरी खोडी काढली.

"तर तेरावा अध्याय. सांगितलेली खूण खरी ठरली, पण सांगणारा दुसऱ्या देवाकडे ओढत असेल, तरी ऐकायचं नाही. दुसरा देव कोणता, ते त्या क्यूआर कोडखाली नाव असतं, तिथे बघा."

वहीच्या मागच्या बाजूनं परदेशी खातं सुरू होतं. विल्यम मिलर, अमेरिका: ख्रिस्त २२ ऑक्टोबर १८४४ ला येणार; हजारो लोक वाट बघत बसले; निकाल, २३ ऑक्टोबर उजाडला. एडगर व्हिसेनंट, एकेकाळचे नासातले इंजिनिअर: १९८८ च्या सप्टेंबरमध्ये विश्वासणारे वर उचलले जाणार, त्याची अठ्ठ्याऐंशी कारणं, पुढच्या वर्षी सुधारित तारीख. हॅरल्ड कॅम्पिंग, रेडिओवाले: आधी १९९४, मग २१ मे २०११, मग २१ ऑक्टोबर २०११, मार्च २०१२ मध्ये चूक कबूल. यांतल्या व्हिसेनंटबद्दल बिरुयाकरांना एक व्यावसायिक आदर आहे. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असं मत्तयाच्या चोविसाव्यात स्वच्छ लिहिलंय. यावर त्या गृहस्थांचं म्हणणं असं, की दिवस आणि घटका कळत नाही, पण आठवडा कळत नाही असं कुठे म्हटलंय? "मुरलेला प्रवासी," बिरुयाकर मान हलवून म्हणतात.

२०२० च्या निवडणुकीत ट्रम्प पुन्हा निवडून येणार, असं अमेरिकेतल्या कितीतरी नामांकित संदेष्ट्यांनी देवाच्या नावानं सांगितलं होतं. ट्रम्प पडले. काही संदेष्ट्यांनी माफी मागितली, काहींनी नाही. शेवटी एप्रिल २०२१ मध्ये तिथल्याच काही पुढाऱ्यांना जाहीरनामा काढावा लागला, की जाहीर भविष्य चुकलं तर जबाबदारीही जाहीरपणे घ्यावी. २०२४ मध्ये ट्रम्प निवडून आले तेव्हा आमच्यातला एक उत्साही तरुण म्हणाला, "बघा काका, शेवटी खरं ठरलंच!" बिरुयाकरांनी चष्मा वर केला. "सकाळच्या गाडीचं तिकीट दाखवून चार वर्षांनी आलेल्या गाडीत बसतोस होय रे?"

त्यांच्या आवडीचं आणखी एक पुस्तक आहे, पण ते शास्त्रात नाही याची त्यांना मनापासून हळहळ वाटते. 'डिडाखे' नावाची ही मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली छोटी ग्रीक पुस्तिका; तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलात हाती लागलं. फिरत्या सेवकाला एक दिवस ठेवून घ्यावं, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलला नाही तर तो खोटा संदेष्टा. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या प्रेरणेनं जेवणाचं पान मांडायला सांगून स्वतःच त्यावर बसला तर खोटा. आशीर्वाद सभेच्या पाहुण्यांनी आल्या दिवशी कार्यकर्त्यांना गावरान कोंबडीबद्दल विचारलं होतं. त्या रात्री बिरुयाकरांनी ती तीन कलमं सुवाच्य अक्षरात लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावली. वर मथळा: 'शास्त्र नाही, तरी वाचावे.'

माणूस नुसता खवचट असता तर मंडळीनं त्याला केव्हाच मागच्या बाकावरून बाहेर बसवलं असतं. पण व्हिसाच्या प्रकरणानंतर दोन घरांनी तरी पैसे पाठवायच्या आधी त्यांच्याकडे वही मागितली. आणि त्यांची आवडती कसोटी ऐकली की हसणारेही गप्प बसतात. यिर्मयाच्या अठ्ठाविसाव्यात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत बाबेलाचं जू मोडणार म्हणून सांगतो, आणि यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू सर्वांसमक्ष मोडूनही दाखवतो. लोकांना काय, तेच हवं होतं. यिर्मया म्हणतो, तथास्तु, तसंच होवो; पण शांती सांगणारा संदेष्टा खरा की खोटा, ते शांती आल्यावरच कळायचं. हनन्या त्याच वर्षी मेला. "गोड सांगणाऱ्यानं पुरावा जास्त द्यायचा," बिरुयाकर वही आपटून म्हणतात. "इतक्या वर्षांच्या नोंदी आहेत यात. नोकरी मिळेल, घर होईल, मूल होईल. ऐकणाऱ्याला चार पैशांची तोशीस पडेल असं एकही भविष्य नाही. बांध कोरलायस तो मागे घे, असं कोणा संदेष्ट्यानं कोणाला सांगितल्याचं दाखवा, पुढच्या सभेला मी कीबोर्ड उचलतो."

घरी मात्र त्यांना बाईंचं, म्हणजे पत्नीचं, आव्हान आहे. घरात शास्त्र एकच, पेन्सिली दोन. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात सगळं पारखून घ्या असं सांगणाऱ्या एकविसाव्या वचनाखाली बिरुयाकरांची रेघ इतकी गडद, की पान मागच्या बाजूनं फुगलंय. त्याच्याच वरच्या विसाव्या वचनाखाली, भविष्यवाणी तुच्छ मानू नका म्हणणाऱ्या, बाईंची बारीक रेघ. बाईंच्या आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेल्या. १९०५ च्या संजीवनाच्या वेळी मुली रात्र रात्र प्रार्थनेत कशा रडल्या, एकमेकींजवळ आपापली पापं कशी कबूल केली, हे बाईंनी आजीकडून ऐकलेलं. त्यामुळे बिरुयाकर घरात एकविसावर असतात आणि बाई विसावर. "वीस आधी येतं," एवढंच त्या म्हणतात.

आणि एका बुधवारच्या प्रार्थनासभेत, चहाचे कप फिरत असताना, आमच्या चर्चमध्ये चटया अंथरणाऱ्या आजी बिरुयाकरांजवळ येऊन म्हणाल्या, "बाबा, प्रार्थनेत सारखं तुमचंच नाव येतंय. भावाकडे जाऊन या एकदा." एवढं बोलून त्या चपला शोधायला लागल्या.

बिरुयाकर घरी आले ते तडक वहीशी. मुदत: नाही. पैसे: नाहीत, चहासुद्धा घेतला नव्हता. सांगणारीचा फायदा: काही नाही. शास्त्राला विरोध: तपासला. मत्तय पाच, तेवीस-चोवीस. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. अख्ख्या वहीत पहिल्यांदाच एक प्रवासी तिकीट हातात धरून बसलेला सापडला होता, आणि चेकरला उतरायची घाई झाली होती.

"सामाईक विहिरीचं भांडण अख्ख्या तालुक्याला माहीत आहे," ते बाईंना म्हणाले. "याला प्रकटीकरण म्हणत नाहीत."

"नका म्हणू. जाऊन या."

"आणि हे शास्त्रात आधीच आहे. तिनं नवीन काय सांगितलं?"

"अहो, आधीच आहे तर आधीच का नाही गेलात?"

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्यात दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी पारखावं असं आहे, म्हणून बिरुयाकर बाकीच्यांचं मत घ्यायला निघाले. दोन वडिलांनी जा म्हटलं. पाळकसाहेबांनी प्रश्न पुरा व्हायच्या आत जा म्हटलं.

शेवटी ज्येष्ठांचं अर्धं तिकीट काढून ते शेवगावच्या गाडीत बसले. पुढचं बाईंनी आमच्याकडे सांगितलं. थोरले भाऊ ओट्यावरच होते. "कोणी पाठवलं?" त्यांनी विचारलं. आजींचं नाव ओठांवर येऊन परत गेलं. "मत्तय पाच, तेवीस-चोवीस," बिरुयाकर म्हणाले. थोरल्यांनी कोनाड्यातून शास्त्र काढलं, चष्मा लावला. एकाच बापानं वाढवलेली दोघं. "आणि पंचवीस? दावा लावणाऱ्याशी कोर्टाच्या वाटेवरच मिटवून घ्यावं, म्हणतंय. मी मिटवायला तयारच होतो. दावा लावणाराच येत नव्हता. तारीख अठराला आहे."

"सव्वीसही वाच, दादा," बिरुयाकर म्हणाले. "शेवटची दमडी फेडल्याशिवाय सुटका नाही. पंपाच्या बिलातला तुझा हिस्सा पाच वर्षांचा राहिलाय."

अठराला दावा मागे घेतला गेला, हे खरं. पण त्या दुपारी दोघं वचन वचन करत पुढे सरकले. एकोणचाळिसावं दुष्टाला विरोध करू नका म्हणतं, म्हणजे दावाच निकालात; चाळिसावं म्हणतं, अंगरख्यासाठी फिर्याद करणाऱ्याला झगाही देऊन टाका, म्हणजे अर्धी विहीर मागणाऱ्याला पंपही आला. तिथे पोचल्यावर दोन्ही पक्षांनी शास्त्र मिटलं आणि एकाच वेळी आत हाक मारली, "चहा झाला का गं?"