करिअर: लाल झेंडी

डहाणू-तलासरीच्या पोरांना आणि मास्तरांना ‘बुद्धिमान वाहतूक तंत्रज्ञाना’तल्या करिअरसाठी सज्ज करायचं, असं ठरलं आहे. कोणी ठरवलं ते विचारू नका. अशा गोष्टी ठरूनच येतात, आपण फक्त सभागृहात वेळेवर जाऊन बसायचं. मास्तर एकशिक्षकी शाळेचे असले तर कार्यशाळेच्या दिवशी पाड्यावरच्या शाळेला कुलूप आणि पोरं ओहोळात चिंबोऱ्या धरायला मोकळी.

सभागृहात पडद्यावर लायडार, म्हणजे गाडीचा लेसरचा डोळा, येतो. ५.९ गिगाहर्ट्झच्या लहरींवरून गाड्या एकमेकींशी बोलतात. चहा-बिस्किटानंतर बिनचालकाचा ट्रक येतो. शेवटी प्रश्न येतो, ‘आपल्या परिसरात या क्षेत्रात कोणत्या संधी उपलब्ध आहेत?’ मास्तर मंडळी छताकडे बघतात. आम्ही सांगतो ना. एक संधी आहे. झेंडी.

चारोटी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे महामार्गाचं काम निघालं की पाहा. गुडघ्यापर्यंत लोंबणारं पोपटी जाकीट घातलेला एक पोरगा उभा असतो. हातात वेळूची काठी, तिला चुका ठोकून लावलेलं फडकं. फडकं मुळात लाल होतं, आता उन्हानं गुलाबी झालं आहे. त्यामुळे गाडी थांबवा म्हणतोय की हळदीला या म्हणतोय, हे चटकन कळत नाही. पण प्रणाली म्हणून बघाल तर बिनतोड. सेन्सर म्हणजे दोन डोळे, तेही धूळ गेलेले. चार्जिंग म्हणजे एक वडापाव. ट्रकवाला हॉर्न देतो, पोरगा झेंडी हलवतो, ट्रकवाला आईवरून शिवी देतो: वाहन आणि पायाभूत सुविधा यांच्यातला दुतर्फा संवाद पूर्ण झाला. ट्रक थांबलाच नाही तर पोरगा गटारात उडी मारतो. टक्कर-प्रतिबंधक यंत्रणेचं याहून स्वस्त प्रात्यक्षिक जपानातसुद्धा बघायला मिळणार नाही. संध्याकाळी सगळा डेटा मुकादमाच्या वहीत जमा होतो, ‘हजर’ या एका शब्दात.

आणि खरी कमाल आतल्या रस्त्यांवर. कासा-उधव्याकडे एखाद्या मोरीचं काम निघालं आणि एका बाजूनंच गाड्या सोडायच्या असल्या की दोन टोकांना दोघे उभे राहतात. मध्ये वळण. एकाला दुसऱ्याचं तोंड दिसत नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि ते ५.९ गिगाहर्ट्झ बहुधा घाट चढताना दमलेलं असतं. मग अलीकडचा पोरगा शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात झेंडीच देतो. ‘पलीकडं दे.’ झेंडी पलीकडच्याच्या हातात पडली म्हणजे मधला रस्ता मोकळा, आता त्यानं आपल्या बाजूच्या गाड्या सोडायच्या. एकेरी रुळांवर रेल्वेनं इंजिन ड्रायव्हरच्या हाती टोकन देऊन वर्षानुवर्षं गाड्या चालवल्या, तीच ही अक्कल. पोरांना ती कोणी शिकवली नाही, कुठल्या अभ्यासक्रमात नाही, तिला प्रमाणपत्र नाही. दोष एकच. कधी कधी एखादा मोटरसायकलवाला झेंडी कमरेला खोचतो आणि विसरून थेट सिल्वासा गाठतो. मग दोन्हीकडच्या गाड्या तासभर एकमेकांची वाट बघत उभ्या. तज्ज्ञ याला सायबर सुरक्षेतली त्रुटी म्हणतील. मुकादम याला वेगळं काही म्हणतो, ते इथे छापता येत नाही, आणि झेंडीचे पैसे हजेरीतून कापतो.

आता हसू आवरा. या दोन तालुक्यांवरून हल्ली काय जात नाही? महामार्ग जातो. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग जातो. वडोदऱ्याचा द्रुतगती मार्ग जातो. ताशी ३२० किलोमीटरची बुलेट ट्रेन जाणार. तिला ५०८ किलोमीटरमध्ये १२ स्थानकं आहेत, पण विरार, बोईसर झालं की एकदम वापी. डहाणू नाही, तलासरी नाही. जमीन मात्र दोन्हीकडची चालली. वाढवणला बंदर येतंय, त्याची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. मच्छीमार वर्षानुवर्षं नको नको म्हणत होते, ते बहुधा लहरींच्या चुकीच्या पट्ट्यात म्हणत असावेत. मुंबईची लोकल तेवढी २०१३ पासून डहाणूला येऊन शहाण्यासारखी थांबते, कारण तिला पुढे जायचंच नसतं. बाकी सगळं जातं. आणि हे सगळं सुरळीत जावं म्हणून रस्त्याकडेला कोण उभा? ज्याच्या बापाची वाडी त्या रस्त्याखाली गेली, तो. आयटीआय केलेला. फिटर. दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुडाला खोचलेला. त्याला कोणी विचारलं नाही की बाबा रे, सिग्नलची दुरुस्ती शिकतोस का, रुळांची देखभाल शिकतोस का. शिकवायला वर्ग लागतो, यंत्र लागतं, पगारी निदेशक लागतो. झेंडीला काठी पुरते. याच तलासरीतल्या झरी गावात १९४५ साली वारली जमले होते, वेठ नाकारायला, आणि त्यांच्या हातातही लाल बावटाच होता. तो त्यांचा स्वतःचा होता. पोराच्या हातातलं फडकं कंत्राटदाराचं आहे.

मास्तरांचं म्हणाल तर त्यांना एवढंच हवंय: पाड्यापर्यंत पावसाळ्यात चालणारी एसटी, म्हणजे सातवी झालेल्या मुली पुढच्या शाळेत जातील. आजारी बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, ती झोळीही एकदाची बंद व्हावी. यात बुद्धिमान काही नाही, म्हणून पडद्यावर दाखवता येत नाही.

तरीही कार्यशाळा घ्यायचीच असेल तर घ्या. फक्त सभागृह नको. तज्ज्ञांना मे महिन्यात चारोटीला उभं करा, दुपारी दोन वाजता, ते पोपटी जाकीट घालून. शिकवायला आमचा पोरगा आहे, मानधन तज्ज्ञांना देता तेवढंच द्या. जेवणाची सुट्टी मुकादम सांगेल तेव्हा.