वॉरंटी 25 वर्षांची, पाटी गेल्या दिवाळीची

छपरावर सोलर बसवायचं ठरलं की गल्लीगल्लीत सूर्याचे अधिकृत प्रतिनिधी उगवतात. कालपर्यंत इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरणारे आज ‘ग्रीन एनर्जी सोल्युशन्स’ असतात. पॅनलला 25 वर्षांची वॉरंटी, असं ते छातीठोकपणे सांगतात; दुकानाची पाटी मात्र गेल्या दिवाळीतली असते.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान, हे त्यांना तोंडपाठ. पण त्यासाठी पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले लागतात, विक्रेता नोंदणीकृत लागतो आणि पैसे यंत्रणा सुरू झाल्यावर ग्राहकाच्या खात्यात येतात, हे सांगायची वेळ आली की त्यांना नेमका दुसरा फोन येतो.

ग्राहकही काही कमी नाही. मुलीसाठी स्थळ बघताना सात पिढ्या उकरणारा गृहस्थ इथे एकच प्रश्न विचारतो, “किलोवॅटला शेवटचा किती?” सांगाडा गंजेल का, अर्थिंग कुठे, पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठवर येते, नेट मीटरसाठी महावितरणकडे कोण जाणार, हे सगळं म्हणे ‘नंतर बघू’.

योजनेनुसार 5 वर्षं देखभाल विक्रेत्यानेच करायची असते. तेव्हा माहितीपत्रकातलं चकाकतं छप्पर राहू द्या. त्याने दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी बसवलेलं एखादं खरं छप्पर बघायला मागा. साहेब टाळाटाळ करू लागले, तर वॉरंटी फक्त सूर्याची आहे असं समजावं.