जीभ न्यूट्रलमध्ये

परदेशातला कुठला कार्यक्रम आपण सोडला? 'करोडपती' आणला, २०१३ मध्ये त्याला मराठीही केलं. 'बिग बॉस' आणला, २०१८ मध्ये त्याच्या घरातली भांडणंही मराठीत सुरू झाली. गाण्याचा 'आयडॉल' आला, फोडणीचा 'मास्टरशेफ' आला. बीबीसीचा नाचाचा कार्यक्रम २००६ मध्ये 'झलक दिखला जा' या नावाने आपल्या दिवाणखान्यात थिरकला.

त्याच बीबीसीचा गाड्यांचा कार्यक्रम मात्र इकडे फिरकलाच नाही.

'टॉप गिअर' हे त्याचं नाव. १९७७ चा जुना कार्यक्रम, २००२ मध्ये नवा रंग दिलेला. जेरेमी क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि जेम्स मे हे तीन गृहस्थ गाड्या पळवायचे, आपटायचे, प्रसंगी जाळायचे आणि उरलेल्या वेळात एकमेकांची उतरवायचे. जग हे डोळे फाडून बघायचं. आपल्याकडे यातलं शेवटचं काम प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज फुकट चालतं.

इतर देशांनी मात्र रीतसर हक्क विकत घेऊन आपापला 'टॉप गिअर' काढला. ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये, रशियाने २००९ मध्ये, अमेरिकेने २०१० मध्ये, कोरियाने २०११ मध्ये. पुढे चीन, फ्रान्स आणि इटलीही रांगेत आले. तोच गोदामासारखा स्टुडिओ, तेच तीन पुरुष, पांढऱ्या हेल्मेटातला तोच मुका ड्रायव्हर 'स्टिग'. रशियाचा प्रयोग एका हंगामात आटोपला. ऑस्ट्रेलियाचा चार हंगामांत. अमेरिकेत तर एनबीसी वाहिनीने नमुन्याचा भाग बनवला, पाहिला आणि गुपचूप बाजूला ठेवला. नंतर दुसऱ्या वाहिनीने तो कार्यक्रम चालवून दाखवला.

साचा विकत मिळतो. खोडकरपणा मिळत नाही.

आणि आपण? आपण 'टॉप गिअर'चं मासिक आणलं. गुळगुळीत कागद, चकचकीत फोटो, चार पानांआड गाडीची जाहिरात. कार्यक्रमाचं तेवढं राहून गेलं. ज्या देशात क्रिकेटनंतर सगळ्यात जास्त वाद 'डिझेल घेऊ की पेट्रोल' यावर होतात, तिथे एकाही वाहिनीला हे सुचलं नसेल?

सुचलं असेल. परवडलं नसेल.

कारण या कार्यक्रमाचं खरं इंजिन क्लार्कसनच्या जिभेत होतं. १९९५ मध्ये व्हॉक्सहॉलची नवी व्हेक्ट्रा आली. कंपनीने मोठा गाजावाजा केलेला. क्लार्कसनने ती चालवली आणि हिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, हेच सगळा वेळ पडद्यावर दाखवत राहिला. कंपनीचा तिळपापड झाला. बीबीसीला ब्रिटनमध्ये जाहिराती घ्याव्या लागत नाहीत, घरटी परवाना शुल्क गोळा होतं. त्यामुळे तिळपापड कंपनीच्या घरीच राहिला.

टेस्लाचं बघा. २००८ मध्ये 'टॉप गिअर'ने तिच्या रोडस्टरची टर उडवली. २०११ मध्ये टेस्ला कोर्टात गेली. खालच्या कोर्टात हरली, वर गेली, २०१३ मध्ये तिथेही हरली.

हीच टेस्ला जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या बीकेसीत आली. उद्घाटनाला साक्षात मुख्यमंत्री. किंमत साठ लाखांच्या घरात. पहिली गाडी कोणी घेतली? राज्याच्या परिवहनमंत्र्यांनी, नातवासाठी. बातम्यांत आजोबांचं कौतुक होतं, नातवाचं होतं, गाडीच्या रंगाचंही होतं.

गाडी कशी आहे, हे विचारायचं राहून गेलं.

आपल्या वाहिन्यांवर गाड्यांचे कार्यक्रम नाहीत असं नाही. वीस-पंचवीस वर्षांपासून आहेत, आणि त्यातली काही माणसं गाड्या खरोखर जाणतात. पण अडचण ब्रेकची आहे. म्हणजे पायाखालच्या नव्हे, जाहिरातीच्या. निवेदक जिला आत्ता 'थोडी निराशा करते' म्हणाला, तीच गाडी पुढच्या मिनिटाला हिमालयात सूर्योदय दाखवणार असते. मग निराशा कशी व्यक्त करायची? 'मागच्या सीटवर तिसऱ्या प्रवाशाला जरा अडचण होऊ शकते.' बस्स. आपल्या वाहनसमीक्षेतला हा सर्वोच्च विद्रोह.

बाटली ठेवायला जागा आहे का, आहे. डिकी किती लिटरची, इतकी. एव्हरेज किती, एवढं. सनरूफ आहे, वा. गाडी भिंतीवर आदळली तर आतल्या माणसाचं काय होतं?

तो प्रश्न विचारायला परदेशातून संस्था यावी लागली.

ग्लोबल एनकॅप तिचं नाव. जानेवारी २०१४ मध्ये तिने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांचे निकाल जाहीर केले. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो. ताशी ६४ किलोमीटरने आदळल्या. मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी तारे मिळाले शून्य, शून्य, शून्य, शून्य आणि शून्य. याच गाड्यांचं गुणगान आपण वर्षानुवर्षं ऐकत होतो आणि 'किती देते?' एवढंच विचारत होतो.

देत काय होती, ते कळलं.

आपली स्वतःची भारत एनकॅप त्यानंतर जवळपास दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. आता जाहिरातीत पाच तारे झळकतात. झळकू देत. फक्त चाचणी कंपनीच्या मर्जीवर आहे, सक्तीची नाही. ज्यांना पास होण्याची खात्री, ते परीक्षेला बसतात. अशी सोय दहावीला असती तर?

आता परीक्षेच्या मैदानाकडे वळू. नवी गाडी आली की तिचं चित्रीकरण बहुधा लवासाच्या रस्त्यावर. वळणं सुंदर, हिरवळ सुंदर, रहदारी शून्य. असणारच. ते शहर वसवणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. दिवाळखोर शहराच्या रिकाम्या रस्त्यावर गाडी मख्खनसारखी धावते, आणि ते पाहून पनवेलचा माणूस सात वर्षांचं कर्ज काढतो.

गाडीची परीक्षा लवासाला, गाडीचं आयुष्य पळस्प्याला.

खरं तर हा कार्यक्रम काढायचाच तर पनवेलसारखी जागा नाही. एका बाजूला ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग सुरू होतो, देशातला पहिला. दुसऱ्या बाजूला पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता सुरू होतो, तो कितवा ते सोडा. वर विमानतळ आलाय, अटल सेतूही हाकेच्या अंतरावर. शून्य ते शंभर आणि शंभर ते शून्य, दोन्ही चाचण्या एकाच चहात उरकतात.

परदेशी 'टॉप गिअर'मध्ये एक आव्हान गाजायचं. खिशात थोडके पैसे, त्यात जुनी खटारा गाडी घ्यायची आणि लांबचा पल्ला गाठून दाखवायचा. प्रेक्षक श्वास रोखून बघत. इथे कोणाचा श्वास रोखणार? दीड लाखाची सेकंड हॅण्ड गाडी, मागे पाच माणसं, वर बांधलेलं सामान आणि गणपतीला गाव. याला आपण आव्हान म्हणत नाही, सुट्टी म्हणतो.

दुसरं सदर 'वाजवी किमतीच्या गाडीत तारा'. नामवंत नट साध्या गाडीत बसून चक्कर मारायचे, वेळ मोजली जायची. त्यातली एक गाडी होती शेवरोलेची लासेटी. ब्रिटनमध्ये ती गंमत म्हणून निवडलेली, गरीब बिचारी गाडी. आपल्याकडे तिचंच भावंड 'ऑप्ट्रा' नावाने आलं, आणि त्यातून साहेब उतरायचे! पुढे २०१७ मध्ये त्या कंपनीने भारतातली विक्री थांबवली, तळेगावचा कारखाना नंतर ह्युंदाईकडे गेला.

साहेब अजून ऐटीतच आहेत.

तिसरं सदर शर्यतीचं. क्लार्कसन मोटारीत, बाकीचे दोघे रेल्वेत, कोण आधी पोहोचतो? आपण पनवेल ते रत्नागिरी लावू. कोकण रेल्वेने डोंगर पोखरून, दऱ्यांवर पूल टाकून १९९० ते १९९८ मध्ये मार्ग पुरा केला. शेजारच्या महामार्गाचं रुंदीकरण पळस्प्यापासून २०११ मध्ये सुरू झालं. या शर्यतीचा निकाल लागलेला आहे, गाडी चालू करायचीही गरज नाही. दरवर्षी गणपतीच्या तोंडावर मंत्री पाहणीला येतात, नवी तारीख देतात आणि परत जातात.

हाच खरा चाललेला हंगाम. अजून शेवटचा भाग आलेला नाही.

आणि स्टिग? मुका, अनोळखी, अफाट चालवणारा. त्याच्यासाठी निवड चाचणी कशाला? भर पावसात, धुक्यात, पन्नास माणसं मागे बसवून बोरघाट उतरवणारा एसटीचा चालक घ्या. त्याचंही नाव कोणाला माहीत नसतं. फरक इतकाच की पगार वेळेवर मिळावा म्हणून त्याला संप करावा लागतो.

गाडी सजवण्याचा कार्यक्रमही होता. एमटीव्हीचा 'पिंप माय राइड', २००४ चा. भंगारातली गाडी न्यायची आणि आत पडदे, ढोल, मत्स्यालय, वाटेल ते बसवून परत द्यायची. त्याच्याही परदेशी आवृत्त्या निघाल्या. आपल्याकडे निघाली तर शेवटचा भाग आरटीओत संपेल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं, गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. काळ्या फिल्मवर त्याआधी २०१२ मध्येच बंदी आली.

मग आपला कलावंत कुठे व्यक्त होणार? नंबर प्लेटवर! ४१४१ च्या इंग्रजी आकड्यांतून 'दादा' काढतो, २१४ मधून 'राम'. त्यावर सरकारने उच्च सुरक्षा पाटी सक्तीची केली आणि मग त्या सक्तीला मुदतवाढ दिली. मग मुदतवाढीला मुदतवाढ.

राहिला 'रोडीज'. अमेरिकेतल्या एमटीव्हीवर १९९५ पासून 'रोड रूल्स' चालायचा, त्याच धाटणीचा आपला २००३ मध्ये आला. करिझ्मा मोटारसायकल, लांबचा रस्ता, मोकळं आकाश. काही वर्षांत मोटारसायकल मागे पडली आणि शिव्या पुढे गेल्या. देशभरातली पोरं गाडी शिकण्याऐवजी निवड चाचणीत अपमान सहन करायला शिकली. नोकरीच्या मुलाखतीत उपयोगी पडलं असेल.

एकदा मात्र मूळ तिघेच इथे आले होते. २०११ च्या डिसेंबरात दाखवलेला तो भारत विशेष भाग. क्लार्कसनने जॅग्वारच्या डिकीवर चक्क संडास बसवून आणला होता, भारतात पोट बिघडतं म्हणून. मुंबईच्या डबेवाल्यांशी मोटारीने स्पर्धा करण्याचा खुळेपणा झाला. रेल्वेच्या डब्यांना लावलेले 'ब्रिटिश आयटी'चे फलक गाडी सुटताच फाटले आणि उरलेल्या अक्षरांतून घाणेरडा शब्द तयार झाला. मग तिघे हिमालयाकडे निघाले.

उत्तरेकडेच का? गोव्याच्या रस्त्याची माहिती मिळाली असणार.

लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने बीबीसीकडे तक्रार केली. विनोद टुकार होता, तक्रार समजू शकते. पण गंमत बघा. २००८ पासून जॅग्वार टाटांची आहे. म्हणजे ब्रिटिश माणूस भारतीय मालकीच्या गाडीवर संडास लावून भारतीयांना हिणवत होता. एका सणसणीत टोल्याचा चेंडू आयता समोर आला होता, आणि आपण बॅट ठेवून निषेधपत्र लिहिलं.

इथेच सगळं आलं. आपल्याला थट्टा झेपत नाही आणि करताही येत नाही. कंपनीची केली तर जाहिरात जाते. नेत्याची केली तर कार्यकर्ते येतात. रस्त्याची केली तर 'विकासविरोधी'. उरतो कोण? नवरा-बायको, आणि त्यांच्यावर आधीच पाच कार्यक्रम चालू आहेत.

आता यूट्यूबवर मराठीतही गाड्यांची परीक्षणं येतात. काही पोरं मनापासून, स्वतःच्या खर्चाने करतात, त्यांना शंभर गुण. बाकीचे 'नमस्कार मंडळी' म्हणतात आणि पुढची दहा मिनिटं कंपनीचं माहितीपत्रक मोठ्याने वाचतात. शेवटी घंटा दाबायला सांगतात.

धोक्याची असेल.

तेव्हा वाचकहो, आपल्या 'टॉप गिअर'ची वाट बघू नका, तो येणार नाही. गाडी घ्यायची असेल तर आधी तिचे तारे तपासा, आणि ते नेमक्या कुठल्या मॉडेलला मिळाले तेही बघा. मग टेस्ट ड्राइव्हला शोरूममागच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून समाधान मानू नका. विक्रेत्याला म्हणा, "चला, भर पावसात पेणपर्यंत जाऊन येऊ." तो हो म्हणाला तर गाडी घ्या. त्याला अचानक मिटिंग आठवली, तर तुमचं परीक्षण पूर्ण झालं.